‘साहेबांना उडवायचं’ या वाक्याबाबत

नाव विचारले ते सांगितले, वर नोंदले आहे. वय एकवीस. धंदा : समारंभांत साउंड सिस्टिम लावणे. ठाणे अंमलदारांनी प्रथम ‘बेकार’ लिहिले होते, ते मी खोडायला लावले. शिक्षण : कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडले. कारण विचारले, पण त्याचा आजच्या प्रकाराशी संबंध नाही. राहणार : आईकडे, लाँड्रीच्या वर, दुसरा मजला.

समक्ष बसून, कोणी न पढवता सांगतो की, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वस्तीतली शाळकरी मुले इंटरनेटवर रेडिओ चालवतात. तेथे मी शनिवार-रविवार फुकट शिकवायला जातो. हे केंद्र एक बाई चालवतात. मुले त्यांना ताई म्हणतात. मी म्हणत नाही. का म्हणत नाही, असे अंमलदारांनी दोनदा विचारले. मी उत्तर दिले नाही, हेही लिहून घ्यावे.

मिक्सरवर जी मुलगी बसते तिला सगळे ‘बटण’ म्हणतात. वय सोळा. वडील वेल्डर असून ते सध्या बाहेरच्या बाकावर आहेत. बोलणाऱ्याचा आवाज झटकन खाली ओढून त्यावर गाणे सोडणे, याला आम्ही उडवणे म्हणतो. पूर्वी ती ‘आवाज बारीक करू का?’ असे विचारायची. उडवणे हा शब्द तिला मी शिकवला.

आज संध्याकाळी मुले साहेबांची थेट मुलाखत घेणार होती. साहेब म्हणजे कोण हे वेगळे सांगत नाही. त्यांचा फोटो आपल्या टेबलामागेच आहे. कार्यक्रमाआधी बाजूच्या खोलीत मी त्यांच्या कॉलरला माइक लावत होतो. बटण वायर धरून उभी होती. साहेबांचे स्वीय सहायक खिडकीपाशी फोनवर होते.

साहेब मला म्हणाले, “घाबरतोस कशाला? मी चावत नाही. कॉलेजात काय करतोस?”

मी म्हणालो, “सोडलं.”

“मीपण सोडलं होतं. पण ते अभिमानानं सांगायला आधी निवडून यावं लागतं.”

मला हसू आले. माणूस आवडला, हे कबूल करतो.

मग ते बटणला म्हणाले, “बाळ, तुझं काय काम?”

ती म्हणाली, “तुमचा आवाज माझ्या हातात.”

“मग एक कर. मी सुटलो की थांबत नाही, घरचेसुद्धा वैतागतात. फार लांबलो तर खुशाल बंद कर.”

“म्हणजे उडवू?”

साहेब म्हणाले, “उडव. माझी परवानगी आहे.”

हे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले.

त्यानंतर बटण हॉलमध्ये जाऊन गाणी लावणाऱ्या मुलाला समजावू लागली, “साहेबांना उडवायचं. मी बोट वर केलं की लगेच. दयामाया नको.” दारातल्या सुरक्षारक्षकाने हे ऐकले. त्याने तिचा हात मागे पिरगळला. ती ओरडली नाही, “अहो, हेडफोन तुटेल,” एवढेच म्हणाली. मी रक्षकाला ढकलले. तो टेबलावर पडला. बाई मला आज सकाळीच म्हणाल्या होत्या की, डोकं घरी ठेवून येऊ नकोस. रक्षकाला मी दुसऱ्यांदा ढकलले तेव्हाही त्या मला हाक मारत होत्या. मी ऐकले नाही.

साहेबांना मागच्या जिन्याने नेले. जाताना ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते, कॉलरला आमचाच माइक. मी म्हणालो, “साहेब, सांगा ना यांना. तुम्हीच म्हणालात ना?” त्यांनी माझ्याकडे पाहिले, बटणकडे पाहिले, आणि माइक काढून सहायकाकडे दिला.

ठाण्यात आणल्यावर बटणला आतल्या खोलीत नेले. वडिलांना आत सोडलेले नाही. त्यांनी मला विचारले, “पोरी कुणाला उडवतात रे? ती तर झुरळालासुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडते.”

अंमलदारांनी सहायकांना फोन लावला. साहेबांना असे काही बोलल्याचे आठवत नाही, असे उत्तर आले. त्यावर अंमलदार मला म्हणाले, “मग हे परवानगीचं वाक्य आपण उडवून टाकू. तुझ्याच भल्याचं आहे.” मी विचारले, “आता तुमचा हात कोणी पिरगळायचा?” शिपाई हसले. अंमलदारांनी पेन खाली ठेवले.

त्यानंतर बाईंना आत बोलावले. त्या माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, “साहेबांचं नाव जबाबातून काढून टाक. पोरीनं चेष्टा केली म्हण. समज देऊन सोडतो म्हणतात. माझं ऐक ना.” इतक्या जवळून त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. मी म्हणालो, “उद्या तिच्या नावापुढे धमकी दिली असं राहील. तिनं चेष्टा केली नाही. तिला सांगितलं ते ती करत होती.” त्या म्हणाल्या, “तू कधी सुधारणार?” बाईंचे मी आजवर सगळे ऐकले, ती म्हणेल ते केले आहे. केंद्रात आलो तोही तिच्यामुळेच. हे ऐकत नाही.

तरी माझे म्हणणे असे की, परवानगीचे वाक्य साहेबांचे आहे, ते ठेवावे. शब्द माझा आहे, मी शिकवलेला. त्यातून जो वाईट अर्थ काढायचा तो माझ्या नावावर काढावा. रक्षकालाही मीच ढकलले. त्याबद्दल मला येथे ठेवावे, माझी तक्रार नाही. मुलगी वडिलांबरोबर दाराबाहेर पडलेली दिसेपर्यंत मी सही करणार नाही, असे मी अंमलदारांना सांगितले.

अंमलदार उठून बाहेर गेले. कोणाला फोन केला ते ऐकू आले नाही. परत येऊन त्यांनी आतले दार उघडले.

जबाब मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे, साहेबांचे वाक्यही जागेवर आहे. मुलगी वडिलांचा हात धरून आत्ता बाहेर पडली. बाई त्यांच्यासोबत गेल्या. त्यांनी मागे वळून पाहिले की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण मी सही करत होतो.