फितूर कोणी नव्हतं

आजी : साल तेवढं दुरुस्त करा. माझ्या दादाला पकडलं सेहेचाळीस साली. तुमच्या सिनेमात सत्तेचाळीस आहे.

दिग्दर्शक : करतो, आजी. बाकी कसा वाटला? गोरे शिपाई तळघराचं दार फोडतात तिथे मीसुद्धा दर वेळी श्वास रोखतो.

आजी : धावाधाव छान आहे. दादा एवढा देखणा नव्हता हो, पुढचा एक दात पडलेला होता त्याचा. ते असू दे. पण शेजारच्या शिंप्याला फितूर का केलंत?

दिग्दर्शक : अहो, थ्रिलर आहे हा! शेवटी फितूर सापडायलाच हवा. आणि माझ्या मनचं नाही ते. सगळं गाव तेच सांगतं.

आजी : गावाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या माणसानं दादाच्या कोटाच्या अस्तरात पत्रकं शिवून दिली होती.

दिग्दर्शक : मग शिपायांना तळघर दाखवलं कुणी?

आजी : आमच्या कुत्र्यानं.

दिग्दर्शक : थट्टा करताय.

आजी : दादा लपायला गेल्यापासून ते अन्नाला तोंड लावेना. आईला बघवलं नाही. मुका जीव, जरा फिरून येऊ दे म्हणाली आणि साखळी सोडली. दारावर शिपायांची पाळत होतीच. ते मागोमाग गेले. आत शिरले तेव्हा कुत्रं दादाचं तोंड चाटत होतं. तुरुंगाच्या जाळीतून दादानंच सांगितलं मला. मी चौकात ओरडून सांगितलं, तर लोक हसले.

दिग्दर्शक : थिएटरातही हसतील. आणि शिंप्याचं नाव कुठे घेतलंय मी?

आजी : गल्लीत शिंपी एकच होता. त्याची लेक माझ्याजवळच राहते. मघाशी चहा दिला ना तुम्हाला, तीच.

(दिग्दर्शक कप खाली ठेवतो.)

दिग्दर्शक : ताई, मला... मला ठाऊक नव्हतं.

शिंप्याची लेक : असू दे. चहा गार होतोय.

दिग्दर्शक : चित्रीकरण संपलंय हो. आता काय करू मी?

आजी : कापा. तो कापडावर कात्री चालवायचा, तुम्ही सिनेमावर चालवा.

दिग्दर्शक : मग फितूरच उरत नाही.

आजी : नव्हताच.

दिग्दर्शक : ...बरं. कापतो. शेवटी पडद्यावर लिहून दाखवू, पुढे कुणाचं काय झालं ते. सांगा.

आजी : दादा फासावर गेला. आईनं ती साखळी दारामागून कधी काढू दिली नाही. जाताना नजर तिकडेच होती. शिंप्याकडे कुणी कापड टाकेना. दवाखान्याच्या उशांचे अभ्रे शिवत म्हातारा झाला बिचारा.

दिग्दर्शक : आणि कुत्रं?

शिंप्याची लेक : ते आमच्या दुकानात आलं. दादांचा दुसरा कोट उसवलेला, खुंटीवर राहिला होता. त्याच्याखाली बसून असायचं. बाबा म्हणायचे, असू दे, एवढं एकच गिऱ्हाईक उरलंय आपलं.