तड्यात भरलेली काजळी

मंडळी, एक सांगा – चूक मोठी, की ती झाकायला केलेली हुशारी मोठी? लगेच माना हलवू नका! आधी ऐका.

वाईला नरहरपंत भडकमकर म्हणून घड्याळजी होते. खिशातल्या जुन्या घड्याळांच्या तबकड्या दुरुस्त कराव्यात तर त्यांनीच! तबकडी म्हणजे काय? तांब्याच्या पत्र्यावर वितळवून बसवलेली पांढरी काच. टवका उडाला तर पुन्हा भट्टीत घालायची सोय नाही – उरलेली तडकते. म्हणून पंत लाखेत सफेद्याची पांढरी पूड कालवून टवका भरायचे, आणि रंग जुळवायचे तो दिवसाच्या उजेडात. जोड शोधून दाखवा!

मथूताई दांडेकरांनी सासऱ्यांचं घड्याळ आणलं. सातच्या आकड्याशी टवका. पंतांनी तबकडी उचलली, जरा जोर लागला, आणि – टक्! मध्यापासून कडेपर्यंत तडा!

आता बघा हं. ताजा तडा स्वच्छ असतो. जुन्यात मळ बसतो, तो काळा दिसतो. जन्मभर लोकांच्या तड्यांतला मळ धुणारा माणूस! त्यानं दिव्याची काजळी बोटावर घेतली आणि आपल्या तड्यात भरली.

"ताई, टवका भरला. पण हा तडा जुनाच हो, तुमच्या नजरेतून सुटला असेल. कधीतरी पडलं असणार घड्याळ."

मथूताईंनी भिंगातून पाहिलं. "काळाच आहे की! म्हणजे आमच्या सूनबाईंचा पराक्रम. टवका कसा उडाला म्हणून शालनला दोनदा विचारलं, तर म्हणते, मी हातसुद्धा लावला नाही. खोटारडी!"

पंत काय म्हणाले? "फडक्यात गुंडाळून देऊ?" – एवढंच!

ताई गेल्या. पंतांनी दुसरं घड्याळ उघडलं, तसंच मिटलं. चपला घातल्या नि निघाले.

दांडेकरांच्या पायरीशी पोचले, तर आतून शालनचा आवाज – "असेल, सासूबाई. माझ्याच हातून पडलं असेल. माफ करा."

न केलेल्या चुकीची माफी! पंत दोन पावलं मागे वळलेसुद्धा – खोटं कशाला सांगू? मग आत गेले.

"सूनबाई, तडा माझ्या हातचा. काजळीही मीच भरली."

मथूताई सुनेकडे बघेनात. शालननं पाण्याचं भांडं पुढे केलं. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं, मंडळी!

आणि तुम्ही? तुमची चूक आज कोण सोसतंय? बायको? धाकटा भाऊ? हाताखालचा कारकून? आठवलं ना नाव? मग आज आरतीला थांबू नका. उठा, जा! देव थांबेल हो – ते माणूस फार दिवस थांबलंय!