गंध लागलेली काच

बाबांनी हे कुणाला सांगू नको म्हटलंय, तरी सांगते. आमच्या फ्रेमच्या दुकानात मांडवीच्या काकी देवाची फुटकी तसबीर घेऊन आल्या. बाबा काच भंगाराच्या खोक्यात टाकणार, तोच त्या ओरडल्या, "थांब रे! त्यावर ह्यांनी लावलेलं शेवटचं गंध आहे."

काका नुकतेच वारले होते.

बाबांनी तडा सोडून गंधाच्या चारी बाजूंनी काच कापायची हिरकणी ओढली. मी श्वास रोखला. टक्! तुकडा सरळ सुटला. मग तो उलटा करून त्यांनी दुकानातल्याच, त्याच देवाच्या लहान तसबिरीवर बसवला. गंध आतल्या बाजूला, नेमकं कपाळावर.

"आता पुसा बघू, काकी."

काकींनी घाबरत पदर फिरवला. गंध तसंच! त्या काचेशीच बोलायला लागल्या, "अहो, बघितलंत?" आणि बाबा तोंड फिरवून चक्क डोळे... आले, बाबा, आले!