सरांचं पिकअप

हसू नका, पण इंग्रजीपायी मी एकदा माझ्या बायकोच्या सरांशी भांडायला गेलो होतो. मंदा गोंदियाला इंग्रजीच्या क्लासला जायची. एकदा ती फोनवर बहिणीला खुशीत म्हणाली, "सर म्हणाले, यू पिकअप फास्ट!"

पिकअप म्हणजे गाडीवर बसवून नेणं, एवढंच मला ठाऊक. अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या गावाहून, दवनीवाड्याहून, थेट तिच्या वर्गात धडकलो.

"सर, माह्या बायकोले पिकअप कायले करून राहिले तुमी?"

सर म्हणाले, "अहो, पिकअप म्हणजे चटकन शिकणंही होतं. तुमच्या मिसेस लवकर शिकतात."

मंदा उठली, माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सर, यायचं बी नाव लिहून घ्या."

आता दोघं एकाच बसने जातो. सर दर वेळी तिलाच शाबासकी देतात, आणि मी तिच्यावरच जळतो.