आग्नेय कोपऱ्यातला गॅस

लिहा, पण माझं मराठी सुधारून लिहू नका. तुम्ही पुण्याहून काल-परवा आलात, इलेक्ट्रॉनिक सिटीत बसता. आम्हाला इथं कन्नड मुलखात येऊन तीनशे वर्षं झाली म्हणतात, त्यामुळे बोलण्यात स्वल्प कन्नड येणारच. वडलांचं कॉटनपेटेत दुकान होतं, स्टो आणि पेट्रोमॅक्स दुरुस्तीचं. घरात कायम रॉकेलचा वास, आई म्हणायची भातालासुद्धा येतो. मी त्यातच वाढलो, शाळा सुटली, पाइप फिटिंग शिकलो आणि मग गॅसच्या कामात पडलो. हॉटेलं, कँटीनं, दवाखाने, कुठं नाही केलं काम! तीस वर्षांत एकाही जोडावर बोट ठेवून कुणी म्हणालं नाही की अण्णा, इथं गळतंय.

काय सांगू तुम्हाला, लोकांना अक्कल नाही असं नाही, अक्कल असते हो, वापरायची नसते, त्याचीच मला किळस येते. जे. पी. नगरात एक कल्याणमंटप आहे, लग्नाचा हॉल, नाव नाही सांगत. तेव्हा लाइट रोज जायचे, ऐन मुहूर्तावर जायचे, म्हणून मालकानं डिझेलचा जनरेटर ठेवलेला, आणि त्याचा धूर थेट पंगतीत. नवरीच्या शालूवर काजळी, पायसात डिझेलचा वास, शी! तेव्हा मालकानं गॅसवर चालणारा जनरेटर आणला आणि गॅसची लाइन टाकायला मला बोलावलं.

मी काम केलं ते असं केलं की बघत राहावं. मागच्या अंगणात, उघड्यावर, कंपाउंडच्या भिंतीला लागून जाळीचा पिंजरा, त्यात सिलिंडर उभे, तिथून भिंतीवरनं पाइप जनरेटरच्या शेडपर्यंत, दोन्ही टोकांना बंद करायचा कॉक, प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघितला, एक बुडबुडा नाही. इंजिन सुरू झालं तेव्हा मालक हात जोडून उभा राहिला. आणि दुसऱ्या दिवशी त्याचा वास्तुवाला आला, हातात होकायंत्र घेऊन. म्हणाला अग्नीची वस्तू वायव्येला ठेवलीत, घात होईल, आग्नेयेला न्या.

आता त्या हॉलची आग्नेय म्हणजे काय, तर स्वयंपाकघराला लागून भांडी घासायची खोली, चार पायऱ्या खाली, खिडकी नाही, आणि पलीकडे चुलाणं पेटलेली. मी म्हटलं अहो, हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर वर जात नाही, खाली साचतो, पाण्यासारखा साचतो, त्या खड्ड्यात भरला आणि पलीकडे चूल, म्हणजे काय होईल कळतंय का? मालक म्हणतो स्वल्प अडजस्ट माडि, अण्णा, थोडं सांभाळून घ्या. म्हणजे मी सांभाळून घ्यायचं, गॅसनं पण सांभाळून घ्यायचं! मी साफ नाही म्हटलं. तो सरी सरी, बरं बरं म्हणाला, मान हलवली, मला वाटलं पटलं. कसलं पटतंय!

वर्ष गेलं. माझ्या पोरीचं, शालिनीचं लग्न ठरलं, येलहंक्याचं घर, चांगली माणसं. हॉल कुठला, तर मीच म्हटलं तोच घेऊ, माझ्या हातचं काम आहे, लाइट गेले तरी काळजी नाही. मागं जाऊन बघितलं नाही, ही माझी चूक, ती मी मान्य करतो.

लग्नाच्या सकाळी अक्षता पडल्या, सगळं छान झालं, मांडवात लाजाहोम चाललेला, सप्तपदी तेवढी राहिलेली. मी पंगतीचं कुठवर आलंय बघायला स्वयंपाकघरात गेलो आणि दारातच नाकाला वास आला. सांबाराचा नाही, लाकडाच्या धुराचा नाही, गॅसचा. पायऱ्यांवरून खाली बघतो तर माझे सिलिंडर तिथं, त्या खड्ड्यात, आणि माझ्या पाइपाच्या जागी रबराची नळी, वर हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली! मालकानं दुसरा कोणी फिटर धरून गुपचूप हलवले होते. आणि त्याच घडीला लाइट गेले. मालकाचा माणूस निघाला जनरेटर चालू करायला, एक ठिणगी पडली की संपलं.

मी ओरडलो, इतका ओरडलो की घसा फाटला. त्याला ढकललं, श्वास धरून खाली उतरलो, कॉक बंद केले, वर येऊन आचाऱ्यांच्या चुलाणांवर घागरी ओतायला लावल्या. तरी साचलेला गॅस होताच की, खड्डा भरला की जमिनीवरनं पसरणार, आणि मांडवात होम पेटलेला, स्वयंपाकघराच्याच मजल्यावर, मधे नुसतं एक उघडं दार. मी धावत गेलो आणि कळशीभर पाणी होमावर ओतलं. माझ्या पोरीच्या होमावर, मी, बापानं. भटजी किंचाळले. व्याहीणबाई मटकन खाली बसल्या. मी म्हटलं मागून शिव्या द्या, आधी बाहेर व्हा! सगळं वऱ्हाड रस्त्यावर, नवरानवरी मुंडावळ्यांसकट उन्हात.

दारं उघडी टाकली, वास जायला तास गेला. सप्तपदी दुपारी पलीकडच्या देवळात नवा अग्नी करून झाली. आणि तो मालक, काय म्हणावं त्या माणसाला, माझ्यासमोर येऊन म्हणतो, बघा अण्णा, आग्नेयेला ठेवले म्हणूनच वाचलात, नाहीतर आज काही खरं नव्हतं. स्फोट झाला असता तर सगळ्यांना पटलं असतं. झाला नाही, तर मी वेडा.

चार वर्षं झाली त्याला. सिलिंडर अजून तिथंच आहेत म्हणतात, मी त्या रस्त्यानं जात नाही. शालिनीच्या सासरी दूध नासलं तरी व्याहीणबाई म्हणतात, बापानंच होम विझवला, दुसरं काय होणार. जावई चांगला आहे, पण आईसमोर तोंड उघडत नाही. परवाच शालिनीचा फोन आला, रडत होती, म्हणाली अप्पा, आज परत तेच, पाहुण्यांसमोर. म्हटलं ऐक बाई, ऐकून घे. ऐकायला जिवंत आहेस ना तू.