चिठ्ठीवरचं मत

मी पुस्तकांवर मत देत नाही म्हणून हसता ना? ऐका तर.

पुण्याला शिकून मी लंडनजवळ हाउन्सलोला घरी परतले, तेव्हा तिथल्या मराठी मंडळाची पुस्तकं घरोघर फिरायची. वाचून झालं की आत ठेवलेल्या चिठ्ठीवर मत लिहायचं, अशी पद्धत. मला तर सगळ्यांना चांगलंच वाचायला लावायचं होतं! सीतेची गोष्ट नव्याने सांगणाऱ्या कादंबरीच्या कौतुकाने मी अख्खी चिठ्ठी भरली. जादूच्या राज्यांच्या गोष्टींनाही माफ केलं. एका रहस्यकथेवर मात्र ठणकावून लिहिलं, ‘वेळ घालवू नका. खून भावाने केलाय.’

पुढे ते पुस्तक आजारी देशपांडेकाकांकडे गेलं. मी भेटायला गेले, तर काकू दारातच म्हणाल्या, “हे रोज दहाच पानं वाचायचे गं, पुरवून पुरवून. काल तुझी चिठ्ठी हातात आली आणि पुस्तक मिटून ठेवलं.”

मी काकांची माफी मागितली.

“अगं, मत बरोबर आहे तुझं. भिकारच लिहिलंय,” काका हसले. “पण मी पडलो डॉक्टर. रिपोर्ट वाचून माझं पुढे काय होणार, ते मला कळलंय. कळायचं राहिलेलं एवढं एकच होतं.”