शेवटच्या फेरीत वर केलेला हात

जिंकत आलेली शर्यत स्वतःहून सोडणाऱ्याला विजेता म्हणावं का? उत्तर मला ठाऊक नाही, हे आधीच कबूल करते. आदरणीय अध्यक्ष, आपल्या कारखान्याचे सरव्यवस्थापक श्री. माधव चिरमुले साहेब, निवृत्त होत असलेले आजचे सत्कारमूर्ती श्री. दीनानाथ शेलार, त्यांच्या पत्नी ललिताताई आणि चाचणी विभागातील सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार.

शेलारकाकांनी मोटरसायकल शर्यतींचं राष्ट्रीय अजिंक्यपद तीनदा मिळवलं, हे इथे कोणाला सांगायला हवं का? चौथ्या वर्षाबद्दल, बारा वर्षांपूर्वीच्या १९९३ च्या शर्यतीबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. शेवटच्या फेरीत काका सर्वांत पुढे होते. गाडी आपल्याच कारखान्याची, नवी कोरी. जिंकली असती तर दुसऱ्या दिवशी पेपरात पानभर जाहिरात! पण पुढचा ब्रेक हाताला मऊ लागला. काकांनी हात वर केला आणि गाडी बाहेर घेतली. "एवढी भीती वाटते तर पीएमटीच्या बसने जावं माणसानं!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. शर्यत पुण्यातच होती, हे वेगळं सांगत नाही.

ब्रेकची नळी चिरलेली निघाली. विक्रीला तयार असलेल्या गाड्यांतही तोच दोष सापडला, म्हणून त्या थांबल्या. चषक दुसऱ्याकडे गेला आणि काका चाचणी विभागात आले. ललिताताई मघाशी म्हणाल्या, "घरी स्कूटर मीच चालवते. हे मागे बसून हळू, हळू करतात!"

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. मैत्रिणी हिंजवडीला संगणकापुढे बसतात, मी गाड्यांच्या ओढीने इथे आले. मला कायम करायचं की नाही, ते पुढच्या महिन्यात चिरमुले साहेब ठरवतील. "कायम होशील ना गं?" वडील रोज विचारतात.

दिवाळीला बाजारात येणाऱ्या गाडीची चाचणी काकांनी मंगळवारी घेतली. पाण्यातून गेल्यावर ब्रेक उशिरा लागतो, म्हणाले. अहवाल लिहून सही मी करायची; तो मात्र 'समाधानकारक' हवा, असा वरून निरोप होता.

"काका, काय करू?"

"अहो मॅडम, मला नुसता हात वर करायचा होता. तुम्हाला लिहून द्यायचंय. तुमचं अवघड आहे."

एवढंच बोलून ते हेल्मेट पुसत बसले.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. काका, ताई, सुखात राहा. भाषणात काही कमी-जास्त झालं असेल तर लहान समजून पदरात घ्या. अहवालात मी काही कमी-जास्त केलेलं नाही. 'असमाधानकारक' असं लिहून, सही करून, आज दुपारी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि मगच इथे आले.